भंगारातला पत्रा नक्की कुठल्या गाडीचा? हॉट रॉडसाठी जमवलेले भाग ओळखताना

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीचा पत्रा आणि चॅसी घेऊन आपल्या मनाप्रमाणे बांधलेली वेगवान गाडी, बांधायचं मनात आलं की मुंबईतला माणूस आधी पत्र्याच्या मागे लागतो. चोर बाजारात रेडिएटरचं शेल (त्याच्याभोवतीची चौकट) दिसतं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणाच्या तरी गाळ्यामागे काऊल (बोनेट संपतं तिथपासून पुढच्या दरवाज्यापर्यंतचा भाग) उभा केलेला असतो, दारूखान्यात चॅसीच्या रेली, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याच्या लांब तुळया, निघतात, मडगार्डं एखाद्या जुन्या बंगल्याच्या गॅरेजातून येतात. विकणारा बहुतेक वेळा या सगळ्याला एकच नाव देतो: ‘थर्टीटू फोर्ड’, म्हणजे १९३२ ची फोर्ड. फसवायचा हेतू असतोच असं नाही. माल त्याच्याकडे येईपर्यंत तीन-चार हातांतून फिरलेला असतो आणि मूळ गाडी कधीच मोडीत गेलेली असते.

भाग मिसळलेले असणं हॉट रॉडमध्ये वावगं नाही. फोर्डच्या मॉडेल एची (१९२८ ते ३१) बॉडी १९३२ च्या चॅसीवर बसवणं ही तर या छंदातली जुनी आणि सर्वमान्य जोडी. पण काय कशात मिसळलंय हेच ठाऊक नसलं की कामाचा विचका होतो. दरवाजा बसत नाही म्हणून बिजागरी सरकवायची, मग कंबरपट्टीची (खिडक्यांखालून जाणारी) रेघ तुटते म्हणून लांबी (पुट्टी) भरायची, मग बोनेट अडतं म्हणून रेडिएटर पुढे घ्यायचा. महिनोन्‌महिने असे जातात आणि शेवटी गाडी वाकडीच दिसते. म्हणून कटर हातात घेण्याआधीचं काम इथे सविस्तर लिहितो आहे. भर फोर्डवर आहे, कारण हॉट रॉडसाठी सगळ्यांना तोच पत्रा हवा असतो.

आधी काही घासून काढू नका

माल घरी आला की पहिली उबळ येते ती सँडब्लास्टिंगला पाठवायची. तेवढं टाळा. गंज आणि जुना रंग यांच्यासोबत ओळखीचे पुरावेही निघून जातात आणि मोठ्या सपाट पत्र्यावर जोराचा मारा झाला तर तो तापून-ताणून लाटा धरतो, त्या परत बसवणं डेंटरलाही जड जातं.

प्रत्येक भागाला तारेने पत्र्याची चकती बांधा, तिच्यावर पंचने नंबर ठोका. कागदी लेबल पावसाळ्यात टिकत नाही आणि मार्करची शाई थिनरने जाते. वहीत त्या नंबरापुढे लिहा: कुठून आला, विकणाऱ्याने काय सांगितलं, सोबत आणखी काय होतं. एकाच ढिगातून आलेले भाग एकाच गाडीचे असण्याची शक्यता जास्त, पण ती फक्त शक्यता आहे.

मग रंगाचे थर वाचा. डॅशबोर्डच्या मागे, दरवाज्याच्या बिजागरीखाली, मडगार्ड बॉडीला जिथे चिकटतं त्या दुमडीत, अशी लपलेली जागा निवडा. रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर ४०० नंबरचा वॉटर पेपर आणि मग ८०० नंबरचा फिरवा. मध्ये उघडा पत्रा आणि भोवती रंगांची वर्तुळं दिसतील, आतलं सगळ्यात जुनं. दोन दरवाज्यांवरची वर्तुळं रंगाने आणि क्रमाने जुळली तर ते बराच काळ एकाच गाडीवर होते असं धरायला हरकत नाही. वरचे थर जुळून तळाचे वेगळे निघाले, तर दरवाजा मध्येच कधीतरी बदललेला आहे. हे घासकाम ओलंच करायचं, मास्क लावून. त्या काळच्या रंगात शिसं असायचं आणि जोडांवर भरलेला फिलरही शिशाचाच असतो. त्याची सुकी धूळ श्वासात जाता कामा नये.

रंग वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मॉडेल एची मडगार्डं कारखान्यातूनच काळी यायची, बॉडी कुठल्याही रंगाची असो. त्यामुळे ‘मडगार्ड काळं, बॉडी हिरवी, म्हणजे दोन गाड्या’ हा तर्क तिथे चालत नाही. आणि मुंबईत छताच्या पत्र्यावर मधल्या थरात पिवळा आणि दरवाज्यांवर काळा निघाला, तर गाडी कधीतरी टॅक्सी होती असं समजा. टॅक्सीचे पत्रे वारंवार बदललेले असतात, तेव्हा अशा गाडीचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा.

पत्र्याची मागची बाजू

बाहेरची बाजू डेंटर आणि पेंटर यांच्या हातची असते. मागची बाजू बहुधा कारखान्याने सोडली तशीच राहते. म्हणून भाग उलटा करून पाहायची सवय लावून घ्या.

पहिला प्रश्न: हा पत्रा साच्यातला आहे की हातचा? मुंबईत हातोडी-ठोक्यावर अख्खं मडगार्ड घडवणारे कारागीर होते, आजही थोडे आहेत, आणि त्यांचं काम इतकं सुबक असतं की समोरून फरक कळत नाही. मागून कळतो. साच्यातल्या पत्र्याची दुमड एकसारख्या रुंदीची असते, वळणांची त्रिज्या दोन्ही टोकांना सारखी भरते, भोकांच्या कडा स्वच्छ कापलेल्या असतात. हातच्या कामात दुमडीची रुंदी दोन-तीन मिलिमीटरने कमी-जास्त होते, गॅस वेल्डिंगची बारीक रेघ पट्टीसारखी धावते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठोक्यांचे उथळ ठसे असतात. मडगार्डाच्या कडेला गोल वळवलेली कड असेल तर कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजा. हातची कड चारही ठिकाणी सारखी भरणं कठीण.

पत्र्याची जाडीही बोलते. दोन्ही बाजूंचा रंग काढून मायक्रोमीटरने तीन जागी मोजा, गंजाने खाल्लेली जागा सोडून. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकन गाड्यांचा पत्रा साधारण १८ ते २० गेजचा, म्हणजे १.२ ते ०.९ मिलिमीटर. ०.७ ते ०.८ भरला तर नंतर कुणीतरी बाजारातला पत्रा लावलेला असण्याची दाट शक्यता. हातचा पत्रा वाईट नसतो, हॉट रॉडला तर अगदी चालतो. मात्र त्याच्या मापावरून गाडीचं वर्ष ठरवायला जाऊ नये, कारण कारागिराने तो समोरच्या गाडीवर बसेल असा बनवला होता, कारखान्याच्या नकाशावरून नव्हे.

दुसरा प्रश्न: आत लाकूड होतं का? जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीत त्या काळी लाकडाचा सांगाडा असायचा आणि पत्रा त्यावर खिळ्यांनी ठोकलेला असायचा. शेव्हरोलेची बॉडी पूर्ण पोलादी झाली ती १९३७ साली. मुंबईच्या दमट हवेत ते लाकूड कुजून जातं आणि आपल्या हाती येतो नुसता पत्रा, दुमडीत ओळीने खिळ्यांची भोकं असलेला. अशी ओळ दरवाज्याच्या चारही कडांना किंवा खांबाच्या पूर्ण उंचीभर असेल तर तो पत्रा फोर्डचा असण्याची शक्यता फार कमी, मग विकणारा काहीही म्हणो. एक सावधगिरी: मॉडेल एमध्येही छताला आणि अस्तर ठोकायच्या पट्ट्यांना थोडं लाकूड असतं, त्यामुळे वरच्या कडेला किंवा खिडकीभोवती तुरळक भोकं असली म्हणून ती शेव्हरोले होत नाही. आणि असा खिळ्यांचा पत्रा घ्यायचा असेल तर आतला सांगाडा सागवानात किंवा चौरस पाइपमध्ये नव्याने करायचा खर्च आधी धरा. नुसता पत्रा स्वतःचा आकारही धरून राहत नाही.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा: आटे कुठले? पत्र्याला आतून वेल्ड केलेले किंवा पिंजऱ्यात बसवलेले नट शोधा. त्यांच्यात आटे मोजायचा गेज घाला. ५/१६ इंचाच्या नटात इंचाला २४ आटे म्हणजे अमेरिकन बारीक, १८ म्हणजे अमेरिकन जाड किंवा ब्रिटिश व्हिटवर्थ, २२ म्हणजे ब्रिटिश फाइन. १/४ इंचात हेच आकडे २८, २० आणि २६ असे. १८ आणि २० च्या बाबतीत अमेरिकन आणि व्हिटवर्थ यांची संख्या सारखीच असते, तिथे आट्याचा कोन पाहावा लागतो: अमेरिकन ६० अंश, व्हिटवर्थ ५५. फियाटच्या पत्र्यात मेट्रिक आटे मिळतात, आठ मिलिमीटरला सव्वा मिलिमीटरचा आटा.

ओळखीच्या या कामात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नेमकं इथे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठचा बोल्ट त्या नटावर ठेवला की तो एक-दीड फेरा सहज घेतो, मग जड जातो, आणि गॅरेजातलं पोरगं गंज समजून पान्याला पाइप लावतं. नट आतून सोलवटतो किंवा पिंजऱ्यातून सुटून गरगर फिरतो आणि तो काढायला चांगला पत्रा कापावा लागतो. म्हणून पहिला बोल्ट नेहमी हातानेच, तेल घालून. तीन फेरे मोकळे गेले नाहीत तर थांबा आणि गेज काढा.

आणखी एक: एकाच दरवाज्यात दोन प्रकारचे आटे निघाले तर बिजागरीचे आटे खरे माना. हँडल, काच चढवायची यंत्रणा, कुलूप हे सगळं दुसऱ्या गाडीतून आणून बसवलेलं असतं. बिजागरीच्या आतल्या पट्टीला सहसा कुणी हात लावत नाही.

वर्षावर बोट ठेवणाऱ्या खुणा

सुरुवात काऊलपासून करा. गाडीचं वर्ष ठरवायचं तर तोच पाया, बाकीचे भाग सुटे होऊन फिरतात. काचेच्या पुढे पेट्रोलचं झाकण असेल तर फोर्डमध्ये ती मॉडेल ए, १९२८ ते ३१, कारण तिची टाकी काऊलमध्येच असते आणि पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरला जातं. (मॉडेल टीच्या शेवटच्या दोन वर्षांतही बऱ्याच बॉड्यांना अशी टाकी होती, पण त्या काऊलचा आकार बराच वेगळा.) १९३२ मध्ये टाकी मागे गेली. तेव्हा ‘थर्टीटू’ म्हणून दाखवलेल्या काऊलवर पेट्रोलचं झाकण दिसलं की तिथेच प्रश्न मिटला.

मॉडेल एमध्येही दोन पिढ्या आहेत. १९३०-३१ च्या काऊलच्या पुढच्या कडेला स्टेनलेसची पट्टी येते. पट्टी हरवलेली असली तरी ती बसायची जागा राहते. १९२८-२९ ला ती नाही. चाकं २१ इंची असली तर पहिली पिढी, १९ इंची असली तर दुसरी, पण चाकं सहज बदलता येतात म्हणून त्यांच्यावर फार भिस्त नको.

रेडिएटरच्या शेलसाठी खिशात लोहचुंबक ठेवा. १९२८-२९ चं शेल निकेल चढवलेल्या पत्र्याचं, चुंबक घट्ट धरतं. १९३०-३१ चं मोटारीचं शेल स्टेनलेसचं आणि उंचीने जास्त. त्यावर चुंबक बहुतेक ठिकाणी धरत नाही, अगदी वळणांवर जरासं ओढलं जातं, कारण तिथे धातू जास्त ताणला गेलेला असतो. उंच आकाराचं शेल आहे पण चुंबक सगळीकडे घट्ट धरतंय, असं असेल तर ते लॉरीचं असू शकतं, लॉरीला काळा रंग दिलेलं लोखंडी शेल यायचं. दोन्ही पिढ्यांच्या शेलची उंची वेगळी असल्यामुळे बोनेटही एकमेकांना लागत नाही. १९२८ चं शेल आणि १९३१ चा काऊल यांच्यामध्ये बोनेटची वरची रेघ उतरती होते आणि बाजूच्या पाकळ्या खाली उघड्या राहतात. हे दुरुस्त करायचा एकच सरळ उपाय: दोघांपैकी एक बदला.

१९३३ आणि १९३४ च्या फोर्ड तर हमखास एकमेकींत मिसळलेल्या मिळतात. दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११२ इंच, दोन्हींचे दरवाजे मागच्या कडेला बिजागरी असलेले, म्हणजे पुढून उघडणारे. बोनेटची बाजू जवळून पाहा. १९३३ ला हवेच्या फटींना बाक असतो आणि प्रत्येक बाजूला एक हँडल. १९३४ ला फटी सरळ आणि हँडलं दोन. हँडल नसलं तर त्याचं भोक पाहा, आणि दुसरं भोक बुजवलं आहे का ते मागून तपासा. जाळीचंही तसंच: १९३३ ची खालच्या टोकाला पुढे वळते, १९३४ ची सरळ उतरते आणि तिची चौकट जाड असते. बोनेट एका वर्षाचं आणि जाळी दुसऱ्या वर्षाची असली तर पुढची फट खाली रुंदावत जाते.

बाकीच्या खुणा पटकन सांगतो. मडगार्डाला चाकाकडे उतरलेला स्कर्ट असेल तर फोर्डमध्ये १९३३ किंवा नंतरचं. मधोमध बिजागरी असलेलं, दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडणारं बोनेट १९३६ पर्यंत. १९३७ पासून ते मागच्या बाजूला बिजागरी ठेवून पुढून उघडतं. हेडलाइट मडगार्डात बसवलेला, काच मधोमध कोन केलेली आणि छत अखंड पोलादी, हे तिन्ही फोर्डला १९३७ साली आलं. छताच्या मध्ये चौकोनी मोकळी जागा आणि भोवती ठोकायची कड असेल तर ते त्याआधीचं. जनरल मोटर्सने मात्र अखंड पोलादी छत १९३५ पासून आणलं, म्हणून छतावरून वर्ष काढताना आधी कंपनी ठरवा.

१९३८ ते ४० च्या जाळ्यांवरून वर्ष काढू नका. फोर्डने त्या काळात स्टँडर्ड आणि डिलक्स अशी दोन तोंडं ठेवली आणि एका वर्षीच्या डिलक्सचं रूप थोड्या फरकाने पुढल्या वर्षीच्या स्टँडर्डला दिलं. १९३९ ची स्टँडर्ड १९३८ च्या डिलक्ससारखी दिसते. जाळीवरून वर्ष सांगणारा माणूस इथे एका वर्षाने चुकतो. त्यापेक्षा हेडलाइटची चौकट पाहा: सील्ड बीम, म्हणजे काच, आरसा आणि दिवा एकसंध असलेला हेडलाइट, १९४० ला आला.

नंबर असला तर

फोर्डच्या भागांच्या नंबराला शिस्त होती. पुढचा गट वर्ष आणि मॉडेल सांगतो, मधला गट भाग सांगतो, शेवटचं अक्षर सुधारणा. पुढे ए असेल तर मॉडेल ए. बी म्हणजे १९३२ ची चार सिलिंडर, १८ म्हणजे १९३२ ची व्ही-आठ, ४० म्हणजे १९३३-३४, ४८ म्हणजे १९३५, ६८ म्हणजे १९३६, ७८ म्हणजे १९३७. त्यानंतर ८१ए, ९१ए, ०१ए असे १९३८, ३९ आणि ४०. मधल्या गटात १६००५ म्हणजे उजवं पुढचं मडगार्ड आणि १६००६ डावं.

दोन मर्यादा मात्र कायम लक्षात ठेवा. मोठ्या पत्र्यांवर नंबर क्वचितच असतो. तो मिळतो ब्रॅकेटवर, बिजागरीवर, ओतीव भागांवर, आणि ते सहज एका गाडीवरून दुसरीवर जातात. दुसरं, पुढचा गट तो भाग पहिल्यांदा कोणत्या वर्षासाठी काढला ते सांगतो. १९३६ च्या गाडीवर ४८ चा ब्रॅकेट निघाला तर तो चुकीचा नाही, तोच भाग पुढच्या वर्षीही वापरला गेला असेल.

गंजाखालचे ठसे वाचायला तारेचा ब्रश मारू नका, ठसा पुसतो. छोट्या लोखंडी भागांसाठी वाण्याकडचं लिंबूफूल पुरतं: २० लिटर पाण्यात एक किलो, प्लास्टिकच्या टबात, भाग पूर्ण बुडवून एक रात्र. सकाळी नायलॉनच्या ब्रशने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, फडक्याने आणि गरम हवेने सुकवा आणि लगेच तेल लावा. आपल्याकडच्या हवेत तासाभरात पिवळा गंज परत चढतो. अ‍ॅल्युमिनियम, जस्ताचे ओतीव भाग आणि निकेल-क्रोम चढवलेले भाग यात टाकायचे नाहीत.

उजव्या हाताची गोष्ट

आपल्याकडच्या जुन्या फोर्ड आणि शेव्हरोले उजव्या स्टेअरिंगच्या. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्ये गाड्यांची जोडणी सुरू केली, आणि फोर्डचा इथला कारभार कॅनडाच्या कंपनीमार्फत चालायचा. त्यामुळे फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची) भोकं, पायाखालचा तिरका पत्रा, डॅशखालचा स्टेअरिंगचा ब्रॅकेट आणि चॅसीच्या उजव्या रेलवरची स्टेअरिंग बॉक्सची भोकं हे सगळं अमेरिकेतल्या गाडीपेक्षा उलट्या बाजूला. अमेरिकेतून नवीन बनवलेला फायरवॉल मागवला तर तो आकाराने बसतो आणि भोकांनी चुकतो. हाती आलेल्या चॅसीच्या डाव्या रेलवर बॉक्सची मूळ भोकं दिसली, तर ती बाहेरून आलेली आहे किंवा रेल बदललेली आहे. कापायच्या आधी दोन्ही रेलींची भोकं समोरासमोर ठेवून मोजा.

चॅसीची ओळख सोपी. मॉडेल एचा व्हीलबेस १०३.५ इंच, रेली साध्या, मधे आडवे क्रॉसमेंबर. १९३२ चा १०६ इंच, रेलीच्या बाहेरच्या अंगाला दाबून काढलेली लांब नक्षीदार रेघ, कारण ती रेल उघडी दिसायची असते, आणि मध्ये के आकाराचा मेंबर. १९३३-३४ ला मध्ये मोठी फुली. शेव्हरोलेचा व्हीलबेस १९२९-३० मध्ये १०७ आणि १९३१-३२ मध्ये १०९ इंच, म्हणजे १९३२ च्या फोर्डपासून नुसत्या टेपने वेगळा काढणं धोक्याचं. अ‍ॅक्सल जागेवर नसेल तर तो आकडा विसरा आणि स्प्रिंग पाहा. फोर्डला पुढे-मागे एकेक आडवी स्प्रिंग, शेव्हरोलेला चार कोपऱ्यांत लांबीच्या दिशेने बसणाऱ्या स्प्रिंगा. रेलीच्या टोकांना त्यांचे कान असतात.

कच्ची जुळणी

कागदावर ओळख पटली तरी वेल्डिंगआधी सगळं उभं करून पाहायचं. चॅसी चार स्टँडवर लेव्हलमध्ये घ्या. पुढच्या-मागच्या बॉडी बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. तीन मिलिमीटरच्या आत फरक असेल तर चॅसी सरळ धरा, जास्त असेल तर आधी ती सरळ करा, नाहीतर पुढचं प्रत्येक माप खोटं निघेल.

सगळ्यात आधी काऊल ठेवा, प्लायवूडच्या चकत्यांवर, मूळ भोकांत बोल्ट सैल सोडून. मग दरवाजे. दरवाज्यासाठी चार मापं घ्या आणि तीच काऊलवर पडताळा: वरच्या बिजागरीपासून खालच्या बिजागरीपर्यंतचं अंतर, खालच्या कडेपासून कंबरपट्टीची उंची पुढच्या टोकाला, तीच मागच्या टोकाला, आणि मध्यावर पत्र्याचा बाक. बाकासाठी सोल्डरची जाड तार दरवाज्यावर दाबून आकार घ्या, तो पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि पुठ्ठा मागच्या बाजूच्या पत्र्याला लावून पाहा. बिजागरीत पत्र्याच्या चकत्या घालून दोन-तीन मिलिमीटर सांभाळून घेता येतात. कंबरपट्टी सहा मिलिमीटरपेक्षा जास्त चुकत असेल किंवा पुठ्ठ्याखाली उजेड दिसत असेल, तर दरवाजा दुसऱ्या बॉडीचा आहे. तो ओढूनताणून बसवला तरी काही महिन्यांत लोंबतो, कारण बिजागरीवर तिरका भार येत राहतो.

मडगार्डांची डावी-उजवी जोडी पुठ्ठ्याच्याच साच्याने तपासा: डाव्याचा साचा उलटा करून उजव्यावर. एकाच वर्षाची जोडी असेल तर साचा जवळपास जुळतो.

शेवटी शेल आणि काऊल यांच्या माथ्यावरून दोरी ताणा. ती सरळ, किंचित वर चढत मागे गेली पाहिजे. मॉडेल एची बॉडी १९३२ च्या रेलींवर घेत असाल तर काऊलपाशी रेली बॉडीपेक्षा रुंद पडतात. ही चुकीची ओळख नाही, या जोडीचं ठरलेलं काम आहे, आणि ते रेल आत घेऊन सोडवतात, काऊल फाकवून नव्हे.

काय कापू नये

ओळख पटल्यावर एखादा भाग मूळ, साच्यातला, फारसा न सडलेला निघाला, विशेषतः १९३२ चा काऊल, १९३०-३१ चं स्टेनलेस शेल किंवा उजव्या स्टेअरिंगचा अखंड फायरवॉल, तर तो कापू नका अशी कळकळीची विनंती आहे. असा भाग शोधणारे मूळ रूपात गाडी परत उभी करणारे लोक याच शहरात आहेत आणि ते बदल्यात तुम्हाला हवा तो दुय्यम पत्रा आनंदाने देतात.

कायद्याची बाजूही आधी पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मनाप्रमाणे करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचे नंबर आले, पण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. हॉट रॉड त्यात बसत नाही. म्हणून जी चॅसी कापायची आहे तिची कागदपत्रं जिवंत आहेत का ते कापायच्या आधी तपासा. जिवंत कागदांची, मूळ रेलींची चॅसी निघाली तर ती बाजूला ठेवा आणि रॉडसाठी नव्या रेली दाबून घ्या.

उरलेले, न जुळलेले भाग विकताना किंवा बदलायला काढताना ‘फोर्डचा दरवाजा’ एवढंच लिहू नका. बिजागरींमधलं अंतर, कंबरपट्टीची दोन्ही टोकांची उंची, नटाचे आटे, पत्र्याची जाडी, खिळ्यांची भोकं आहेत की नाहीत हे लिहा, आणि मागच्या बाजूचा फोटो जोडा, टेप शेजारी धरून.